रुमालाखालचा भाव

पुण्यातील एका महाविद्यालयाच्या वसतिगृहात नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात मुली एकमेकींना तेच चार प्रश्न विचारतात. गाव कोणते, शाखा कोणती, घरी कोण कोण असते आणि वडील काय करतात. मराठवाड्यातील एका बाजारपेठेच्या गावाहून आलेल्या मुलीने पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे सहज दिली. चौथ्या प्रश्नापाशी ती क्षणभर थबकली आणि म्हणाली, "धान्याच्या क्षेत्रात आहेत." समोरच्या खाटेवर बसलेल्या मुलीचे वडील शेतकरी होते. तिने सहज विचारले, "म्हणजे अडते का?" हिने मान हलवली. "आमचं सोयाबीन अडत्याकडेच जातं," एवढे बोलून ती मुलगी आपल्या पेटीतील कपडे लावू लागली.

त्या बोलण्यात आरोप नव्हता. तरीही अडत्याच्या मुलीला त्या रात्री उशिरापर्यंत झोप लागली नाही. तिने मनाशी एक लांबलचक भाषण जुळवले. वडील पहाटे पाचला उठून गाळ्यावर जातात. खरेदीदाराचे पैसे येण्याआधी शेतकऱ्याच्या हातात रोख रक्कम ठेवतात. १९७२च्या दुष्काळात आजोबांनी कितीतरी घरांना ज्वारी उधारीवर दिली आणि त्यांतील अनेक खाती पुढे कधीच फिटली नाहीत. भाषण चांगले होते, परंतु ते कोणी मागितले नव्हते. न मागितलेले समर्थन मनात का तयार व्हावे, हा प्रश्न तिला भाषणापेक्षा अधिक सतावू लागला.

हा अनुभव त्या मुलीपुरता मर्यादित नाही. व्यापारी घराण्यांतील पुष्कळांना तो परिचयाचा आहे. रेल्वेच्या डब्यात, लग्नाच्या पंगतीत, मुलांच्या शाळेतील पालकसभेत "आपण काय करता?" असे कोणी विचारले की डॉक्टर, प्राध्यापक, अभियंता एका शब्दात उत्तर देतो आणि विषय संपतो. अडत्या, दलाल, व्याजबट्ट्याचा व्यवहार करणारा किंवा साठवणुकीचा धंदा करणारा मनुष्य मात्र आपल्या उत्तराभोवती दोन-तीन वाक्यांचे कुंपण घालतो. "बिझनेस आहे," "फायनान्समध्ये आहे," "अ‍ॅग्रो ट्रेडिंग करतो." धंद्याचे नाव बदलले की धंद्याविषयीचा समज बदलेल, अशी त्यामागची आशा असते. समज बदलत नाही. आपल्या घरातील मुले मात्र एवढे शिकतात की वडिलांच्या कामाचे खरे नाव चारचौघांत घेण्याजोगे नाही.

येथे दोन गोष्टींत भेद करणे आवश्यक आहे. समजावून सांगणे ही एक गोष्ट आणि समर्थन करणे ही दुसरी. ज्याला धंद्याची माहिती नाही, त्याला ती द्यावी. त्यात कमीपणा नाही. परंतु ज्याला त्या धंद्याची झळ लागली आहे, तो माहिती मागत नसतो. त्याला हिशेब हवा असतो. पहिल्याला दिलेले उत्तर दुसऱ्याला दिले की ते उत्तर कितीही खरे असले तरी पोकळ वाटते. बहुतेक व्यापाऱ्यांची अडचण अशी की, ते दोघांनाही एकच भाषण ऐकवतात.

हिशेब मागितला जाण्याचा सर्वांत कठोर प्रसंग महाराष्ट्रातील व्यापारी समाजाच्या स्मरणात राहावा असा आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजारपेठेच्या गावी, जे आज बारामती तालुक्यात आहे, आसपासच्या खेड्यांतील कुणबी एकत्र आले. त्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली. त्यांचा रोख विशेषतः वह्या आणि कर्जरोखे यांच्यावर होता. रोखे काढून घेऊन ते जाळण्यात आले. काही ठिकाणी धान्यही लुटले गेले, घरे पेटवली गेली. पुणे आणि अहमदनगर या जिल्ह्यांतील तीसहून अधिक गावांत हे लोण पसरले. ते सावकार प्रामुख्याने मारवाडी आणि गुजर होते आणि त्यांत जैन कुटुंबेही होती.

त्या उठावाची कारणे केवळ सावकाराच्या लोभात शोधणे अन्यायाचे ठरेल. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते. तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून येथील कापसाला अवाच्या सवा भाव आला आणि शेतकऱ्याला सहज कर्ज मिळू लागले. युद्ध संपताच भाव कोसळले. त्याच सुमारास सरकारने जमीन महसुलाची फेरआकारणी करून सारा वाढवला. सारा रोखीने आणि ठरलेल्या मुदतीत भरावा लागे. शेतकऱ्याला कर्जाची सर्वाधिक गरज निर्माण झाली, नेमक्या त्याच वेळी पैसा बुडण्याच्या भीतीने सावकारांनी हात आखडता घेतला. या साखळीतील बऱ्याच कड्या सावकाराच्या हातात नव्हत्या. तो आपल्या समर्थनात हे सर्व सांगू शकत होता आणि त्यातील प्रत्येक शब्द खरा ठरला असता.

पण कुणब्यांची तक्रार वेगळीच होती आणि ती फार साधी होती. पैसे फेडले तरी पावती मिळत नाही. रोख्यावर काय लिहिले आहे ते वाचता येत नाही. १८५९च्या मुदतीच्या कायद्यामुळे रोखा तीन वर्षांपुरता ग्राह्य धरला जाई. कर्जदाराला चढत्या व्याजापासून वाचवणे हा त्याचा हेतू होता. प्रत्यक्षात दर तीन वर्षांनी मुद्दल आणि थकलेले व्याज यांची बेरीज करून नवा रोखा लिहून घेतला जाऊ लागला, आणि ती बेरीज कशी झाली हे कर्जदाराला कळेनासे झाले. राग व्याजाचा होताच. परंतु न कळणाऱ्या व्याजाचा राग त्याहून मोठा होता. म्हणूनच आग लागली ती कागदांना.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. त्या कायद्यातील एक भाग आजही व्यापाऱ्याने ध्यानात घेण्याजोगा आहे. शेतकऱ्याने रक्कम भरली की त्याला पावती मिळाली पाहिजे, वर्षाकाठी खात्याचा उतारा मिळाला पाहिजे, त्याच्या जवळच्या खातेपुस्तकात नोंद करून मिळाली पाहिजे, असे हक्क त्यात दिले होते. जे काम चांगल्या पेढीने आपण होऊन करायचे, ते कायद्याला सांगावे लागले. भलेपणाविषयी लांब व्याख्यान देणाऱ्या सावकारापेक्षा, फेडीची पावती हातात ठेवणारा सावकार त्या काळात अधिक निर्धास्तपणे झोपला असेल, असे मानण्यास हरकत नाही.

बाजाराचा इतिहासही याच दिशेने बोट दाखवतो. वऱ्हाडातील कारंजा येथे १८८६मध्ये कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. पुढे १८९७मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्राने १९६३मध्ये कृषी उत्पन्न खरेदी-विक्रीच्या नियमनाचा कायदा केला आणि त्याखाली आजच्या बाजार समित्या चालतात. या सर्व नियमनाच्या मुळाशी असलेल्या तक्रारी तपासल्या तर त्यांत वजनातील खोट, मनमानी कपात आणि गुप्त भाव या पुन्हा पुन्हा आढळतात.

जुन्या भुसार आणि मिरचीच्या पेठांत भाव ठरवण्याची एक रीत होती. खरेदीदार आणि अडत्या एकमेकांचा हात हाती घेत, वर रुमाल टाकत आणि रुमालाखाली बोटे दाबून भाव बोलत. किती बोटे, कोणती बोटे, यावरून आकडा कळे. तो कळे त्या दोघांनाच. ज्याचा माल होता, तो शेतकरी दोन हातांवर उभा असे आणि रुमालाकडे पाहत असे. या रीतीचेही समर्थन होते. एका खरेदीदाराचा भाव दुसऱ्याला कळू नये, म्हणजे प्रत्येक जण आपल्या मनाने बोली लावतो, असे जुने लोक सांगत. कित्येकदा रुमालाखाली ठरलेला भाव रास्तही असेल. परंतु रुमालाखालचा रास्त भाव आणि रुमालाखालचा लबाड भाव, हे दोन्ही बाहेरून सारखेच दिसतात. प्रामाणिक अडत्याचे खरे नुकसान येथेच होते. त्याच्या प्रामाणिकपणाला साक्षीदार उरत नाही. उघड लिलाव सुरू झाले तेव्हा लबाडाची सोय गेली, आणि प्रामाणिक माणसाला प्रथमच पुरावा मिळाला.

व्यवसायाची तपासणी ही बाहेरच्यांनी जैन समाजावर लादलेली गोष्ट नाही. आपल्या परंपरेने ती फार पूर्वीच घरात आणली होती. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत अंगारकर्म, वनकर्म, दंतवाणिज्य, विषवाणिज्य अशी धंद्यांची नावेच घेतलेली आहेत. 'तुझा धंदा कोणता?' हा प्रश्न परक्याने विचारण्यापूर्वी व्रतानेच विचारला आहे. श्वेतांबर आगमांतील उपासकदशांगात दहा आदर्श श्रावकांची चरित्रे आहेत. त्यांपैकी एक सद्दालपुत्र हा पोलासपूरचा कुंभार होता. त्याच्या मालकीची भांड्यांची पाचशे दुकाने नगराबाहेर होती. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात अंगारजीविकेचा अर्थ सांगताना कुंभाराच्या कामाचाही त्यात समावेश केला. म्हणजे ज्या कामाची गणना टाळावयाच्या धंद्यांत झाली, ते करणारा मनुष्य आगमात आदर्श श्रावकांच्या पंक्तीत बसलेला आहे.

या दोन गोष्टी एकमेकींना खोडून काढतात, असे समजण्याचे कारण नाही. गृहस्थाचे कोणतेही उपजीविकेचे साधन पूर्णपणे निर्दोष नसते, ही त्यातील स्पष्ट कबुली आहे. म्हणून धंद्याचे नाव ऐकून मनुष्याला पवित्र किंवा पापी ठरवता येत नाही. आणि म्हणूनच धंद्याचे नाव पुढे करून मनुष्याला सुटताही येत नाही. 'आमचा व्यापार अहिंसक आहे' या एका वाक्यावर अनेक घरे समाधान मानतात. दिगंबर आणि श्वेतांबर अशा दोन्ही परंपरांना मान्य असलेले तत्त्वार्थसूत्र तेवढ्यावर थांबत नाही. सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार दिले आहेत. चोरीला प्रोत्साहन देणे, चोरीचा माल घेणे, राज्याचे नियम मोडून व्यवहार करणे, तोलमापात कमीजास्त करणे आणि अस्सल मालात नक्कल मिसळणे. यांपैकी प्रत्येक अतिचार दुकानात घडणारा आहे. व्रताने व्यापाऱ्याची भावना कशी आहे हे विचारण्याआधी त्याचा तराजू पाहिला आहे.

याच ठिकाणी आणखी एका गोष्टीची आठवण ठेवली पाहिजे. ज्या समाजाला आपल्या धंद्याचे समर्थन करावे लागल्याचे शल्य आहे, तोच समाज आपल्या मुलांकडून तसेच समर्थन मागत असतो. बनारसीदास हे १५८६मध्ये जौनपूर येथे जन्मलेले जैन व्यापारी आणि कवी. १६४१मध्ये लिहिलेल्या 'अर्धकथानक' या आत्मकथेत त्यांनी नोंदवले आहे की, तरुणपणी वाचनलेखनाचा नाद लागला तेव्हा वडीलधाऱ्यांनी त्यांना बजावले, फार शिकणे हे ब्राह्मण-भाटांचे काम, वाण्याच्या मुलाने दुकानावर बसावे. त्याच पुस्तकात त्यांनी आग्र्यातील आपला व्यापार कसा बुडाला, कचोरीवाल्याच्या उधारीवर किती दिवस काढावे लागले, हेही लपवाछपवी न करता लिहिले. आजही मुलाने शिक्षक व्हायचे ठरवले, मुलीने परिचारिकेचे शिक्षण घेतले, कोणी पेढी सोडून नोकरी धरली, तर स्थळ पाहताना त्या कुटुंबाला चार वाक्यांचे स्पष्टीकरण द्यावे लागते. आपल्याला टोचणारा प्रश्न दुसऱ्याला विचारताना आपल्या लक्षातही येत नाही.

दिवाळीच्या सुटीत ती मुलगी घरी आली. सोयाबीनची आवक जोरात होती. तिने अण्णांना वसतिगृहातील गोष्ट सांगितली. तीन पिढ्यांच्या पेढीवर बसलेल्या माणसाला ती लागणे स्वाभाविक होते. "लाजायचं काय त्यात?" ते म्हणाले. "उद्या सकाळी चल माझ्याबरोबर. डोळ्यांनी बघ आणि मग सांग तुझ्या मैत्रिणीला."

मुलगी गाळ्यावर गेली. पहाटेपासून टेम्पो आणि ट्रॅक्टर येत होते. माल ओट्यावर ओतला जात होता. खरेदीदार ढिगात हात घालून मूठभर दाणे तळहातावर पसरत, ओलावा, माती, डागी दाणे पाहत आणि लिलावात बोली लावत. मग हमाल पोती भरत, मापाडी काट्यावर वजन करी, दिवाणजी हिशेबपट्टी तयार करत आणि शेतकरी पैसे घेऊन जाई. खरेदीदाराकडून तीच रक्कम यायला पंधरा दिवस, कधी महिना लागे, आणि एखादा खरेदीदार बुडाला तर तोटा पेढीचा. पेरणीच्या वेळी दिलेल्या उचलीची वही वेगळी होती. अण्णांनी तिला हे सर्व दाखवले आणि त्यात काही खोटे नव्हते. एक बाजू मात्र तिने स्वतःच विचारली. "उचल घेतली की त्याला माल आपल्याकडेच आणावा लागतो ना? मग दुसऱ्या गाळ्यावर भाव जास्त असला तर?" अण्णा म्हणाले, "लागतो. तेही खरं आहे."

दुपारी तिने दहा-बारा हिशेबपट्ट्या पुढे घेतल्या. मैत्रिणीला सांगता यावे म्हणून ती प्रत्येक रकाना समजून घेऊ लागली. हमाली कशाची, मापाई कशाची, अडत कशाची, हे अण्णा सांगत गेले. एका रकान्यापाशी ती थांबली. क्विंटलमागे एक किलो 'कडता' वजा केलेला होता.

"हा पोत्याच्या वजनाचा," अण्णा म्हणाले.

"पोत्याचं वजन वर वेगळं वजा केलंय."

"मग माती-कचऱ्याचा."

"माती पाहूनच बोली लागते ना?"

अण्णा काही वेळ पट्टीकडे पाहत राहिले. त्यांच्या वडिलांच्या काळात दांडीच्या तराजूवर माल पोत्यासकट तोलला जाई. क्विंटलचे तागाचे पोते सुमारे एक किलोचे भरे, म्हणून किलोभर कडता धरला जाई आणि तो न्याय्य होता. पुढे इलेक्ट्रॉनिक काटा आला, पोत्याचे वजन वेगळे धरले जाऊ लागले. जुना कडता मात्र पट्टीवरून कोणी काढला नाही. "बाजाराची पद्धत आहे. पहिल्यापासून चालत आलंय," ते म्हणाले, "आणि मला त्यातला एक दाणा मिळत नाही. खरेदीदार तेवढं कापूनच पैसे देतो."

"पण अण्णा, पट्टी आपल्या नावाची आहे."

चाळीस क्विंटल माल आणणाऱ्या शेतकऱ्याचे चाळीस किलो जात होते. चार हजार रुपये भाव धरला तर एक हजार सहाशे रुपये. पेढीवरून हंगामात पाच हजार क्विंटल माल गेला, तर तीच रक्कम दोन लाख होते. अण्णांनी आकडा स्वतःच कागदावर मांडला आणि कागद गादीखाली सरकवला. त्या दिवशी पुढे विषय निघाला नाही.

दुसऱ्याने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देण्याची तयारी करताना स्वतःलाच उत्तर सापडू नये, याइतका उपयुक्त प्रसंग व्यापाऱ्याच्या आयुष्यात क्वचित येतो. अण्णांच्या पट्टीवरील बाकीचा प्रत्येक रकाना कोणालाही समजावून सांगता येत होता. त्यांना कोणाची क्षमा मागण्याचे कारण नव्हते. परंतु ज्या एका रकान्याचे स्पष्टीकरण देता येत नव्हते, त्याचे ओझे उरलेल्या सर्व रकान्यांवर पडत होते. धंद्याविषयी आपल्याला वाटणारा संकोच पुष्कळदा खरोखर संपूर्ण धंद्याविषयी नसतो. कोठेतरी असा एखादा रकाना असतो, तो कोणता हे आपल्याला अंधुकपणे माहीत असते आणि आपण समर्थन मात्र संपूर्ण धंद्याचे करत बसतो.

चार दिवसांनी अण्णांनी नेहमीच्या पाच खरेदीदारांना पेढीवर बोलावले आणि कडता बंद करण्याचे सुचवले. दोघांनी मान्य केले. तिघांनी नकार दिला. इतर गाळ्यांवर कडता मिळत असताना येथे का सोडायचा, हा त्यांचा प्रश्न व्यवहाराला धरून होता. शेजारच्या गाळेवाल्यांना राग आला, कारण एका पेढीने पद्धत मोडली की उद्या प्रत्येक शेतकरी सगळ्यांना जाब विचारणार. अण्णांनी स्वतःच्या पट्टीवरून कडत्याचा रकाना काढला आणि त्या तीन खरेदीदारांचा फरक त्या हंगामापुरता पेढीच्या खात्यावर घेतला. तो किती दिवस सोसवेल याची खात्री त्यांनाही नव्हती. घरात यावर मतभेद झाले. धाकट्या भावाचे म्हणणे होते की, एवढ्या पैशांत गाळ्याचे नवे पत्रे झाले असते. ते म्हणणेही चुकीचे नव्हते.

नव्या पट्टीवर पहिला हिशेब ज्या शेतकऱ्याला मिळाला, तो वीस वर्षांपासूनचा आडगावचा ग्राहक. त्याने पट्टी दोनदा वाचली. अण्णांना वाटले, तो आता काहीतरी चांगले बोलेल. त्याने मान वर करून विचारले, "अण्णा, कडता दिसत नाही. मग तो घातला कशात?"

अण्णांच्या चेहऱ्यावर क्षणभर उमटलेले दुःख मुलीने पाहिले. कडता घेतला जात होता तोवर या माणसाने वीस वर्षांत एकदाही प्रश्न केला नव्हता आणि सोडला त्याच दिवशी संशय घेतला. पण त्या प्रश्नात एक जुने सत्यही होते. वीस वर्षे तो पट्टीवरील प्रत्येक कपात ओळखत होता. तो गप्प होता, पण त्याला कळत नव्हते असे नाही. ज्याला आपण विश्वास समजत होतो, त्यातील काही भाग नाइलाजाचा होता.

अण्णांनी समर्थन केले नाही. घराण्याचे नाव, आजोबांची ज्वारी, पहाटेचे पाच, यांतील काहीही ते बोलले नाहीत. त्यांनी पट्टी त्याच्यासमोर ठेवली, काट्यावरील वजनाची चिठ्ठी शेजारी ठेवली आणि एकेक रकाना बोटाने दाखवत बेरीज त्यालाच करायला सांगितली. त्याने ती केली. बरोबर आली. पैसे मोजून त्याने ते बनियनच्या खिशात ठेवले, पट्टीची घडी घातली आणि "बरं, येतो," म्हणून तो निघाला. पुढच्या हंगामात तो येईल की नाही, हे तो काही बोलला नाही.

सुटी संपवून मुलगी वसतिगृहावर परतली. वडिलांच्या बाजूने मैत्रिणीला ऐकवायचे भाषण तिच्या डोक्यातून गेले होते. काही दिवसांनी जेवणघरात एका नव्या मुलीने तिला तेच विचारले. तिने सांगितले, "अडत आहे आमची. भुसाराची." समोर बसलेल्या शेतकऱ्याच्या मुलीने मान वर केली. "तुमच्याकडे कडता किती धरतात गं?" तिने विचारले. बापाबरोबर बाजारात गेलेल्या मुलीलाच सुचावा असा तो प्रश्न होता, आणि या वेळी हिच्याकडे त्याचे उत्तर होते. त्याच्यामागून आणखी प्रश्न आले. उचलीचा प्रश्न आला, तेव्हा हिला पूर्ण उत्तर देता आले नाही आणि तिने तसे सांगितले. दोघींचे जेवण थंड होईपर्यंत बोलणे चालले होते.